देशाचे जाळे, आवारापुरती परवानगी

दूरध्वनीवर बोलणारी दोन माणसे मध्येच गप्प बसली, तरी तार त्यांच्यासाठीच अडकून राहते आणि शुल्काची आकारणी सुरूच असते. माणसांच्या संभाषणात असे क्षण थोडे. संगणकाशी चालणाऱ्या संभाषणात मात्र सारा वेळ असाच जातो. माणूस विचार करतो, एखादी ओळ टंकित करतो, संगणक क्षणात उत्तर देतो आणि पुन्हा शांतता. १९६५ साली या रिकाम्या तारेचे कोडे डोनाल्ड डेव्हिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या मनात घर करून बसले. त्याचे जे उत्तर त्यांनी शोधले, त्यावर आज जगातील बहुतेक सारी संगणकीय जाळी चालतात.

डेव्हिस यांचा जन्म ७ जून १९२४ रोजी वेल्समधील ट्रिऑर्की या खाणींच्या गावी झाला. वडील कोळसा खाणीत कारकून होते. मुलाच्या जन्मानंतर काही महिन्यांतच ते निवर्तले आणि आईने डोनाल्ड व त्याच्या जुळ्या बहिणीला घेऊन पोर्ट्समथ हे आपले माहेरचे गाव गाठले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून १९४३ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. युद्धकाळात बर्मिंगहॅम येथे ब्रिटनच्या अणुप्रकल्पावर त्यांनी क्लाउस फुक्स यांच्या हाताखाली काम केले. हेच फुक्स पुढे सोव्हिएत हेर निघाले. युद्ध संपल्यावर डेव्हिस पुन्हा इम्पीरियलमध्ये आले आणि १९४७ मध्ये गणिताचीही पदवी घेऊन बाहेर पडले.

त्याच वर्षी ते लंडननजीक टेडिंग्टन येथील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे ‘एनपीएल’मध्ये रुजू झाले. संगणक उभारण्याची तेथील योजना ॲलन ट्युरिंग यांची होती. ट्युरिंग यांच्या १९३६ सालच्या विख्यात निबंधातील कल्पित यंत्राच्या रचनेत काही चुका आहेत, हे या नवख्या तरुणाने दाखवून दिले. ट्युरिंग यांना ते मुळीच रुचले नाही. त्यांनी लवकरच एनपीएल सोडली. त्यांच्या आराखड्यावर आधारलेला ‘पायलट एस’ हा संगणक डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी मे १९५० मध्ये चालवून दाखविला.

१९६५ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत पाहिली. संगणक वाटून घेता येत होता, पण तार वाटून घेता येत नव्हती! दूरध्वनीच्या जाळ्यात दोन टोकांमध्ये सलग मार्ग बांधून दिला जातो आणि संभाषण संपेपर्यंत तो इतर कोणालाही मिळत नाही. तारसेवेत असा मार्ग राखून ठेवत नसत, परंतु संपूर्ण संदेश एका केंद्रावर उतरवून घेतल्यावरच पुढे धाडला जाई. एखादा लांबलचक संदेश आला की मागचे सारे खोळंबत.

डेव्हिस यांनी यातून तिसरा मार्ग काढला. संदेशाचे सारख्या लहान आकाराचे तुकडे पाडायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि ते स्वतंत्रपणे सोडायचे. वाटेतील छोटे संगणक पत्ता वाचून तुकडा पुढच्या टप्प्याला देतील आणि अखेरच्या ठिकाणी सारे तुकडे पुन्हा जुळविले जातील. एका तुकड्याची मर्यादा त्यांनी १०२४ बिट, म्हणजे सुमारे सव्वाशे अक्षरे, धरली. एकाच तारेवरून अनेकांचे तुकडे एकामागून एक धावू शकत असल्याने कोणाच्या शांततेचे मोल कोणालाच द्यावे लागणार नव्हते. या तुकड्याला नाव देण्यापूर्वी त्यांनी भाषातज्ज्ञाचा सल्ला घेतला. इतर भाषांत सहज नेता येईल असा शब्द त्यांना हवा होता. ‘पॅकेट’ हा शब्द ठरला. मराठीला तर भाषांतराचेही कष्ट पडले नाहीत.

१८ मार्च १९६६ रोजी त्यांनी ही कल्पना व्याख्यानातून मांडली. व्याख्यानानंतर संरक्षण खात्यातील एका श्रोत्याने सांगितले, की अमेरिकेत पॉल बॅरन यांनी अगदी असेच काही लिहून ठेवले आहे. ते खरे होते. रँड या संस्थेतील बॅरन यांनी १९६४ मध्ये जाळ्यांचे तीन प्रकार वर्णिले होते : एकाच केंद्राला सारे जोडलेले केंद्रित, काही उपकेंद्रांवर विसंबलेले विकेंद्रित आणि प्रत्येक गाठ शेजारच्या अनेक गाठींना जोडणारे वितरित. अणुहल्ल्यात काही गाठी नष्ट झाल्या तरी तिसऱ्या प्रकारात संदेश वाट शोधतो, हा त्यांचा विचार होता. बॅरन यांना जाळे जगवायचे होते, तर डेव्हिस यांना तार वाया जाऊ द्यायची नव्हती. हेतू इतके भिन्न असूनही तुकड्याचा आकार दोघांनी १०२४ बिटच धरला होता, हे विशेष.

डेव्हिस यांची योजना साऱ्या ब्रिटनला जोडणाऱ्या जाळ्याची होती. आजच्या भाषेत ते ‘वाइड एरिया नेटवर्क’ ठरले असते. पण देशातील दूरसंचार ही पोस्ट ऑफिसची मक्तेदारी होती. त्या खात्याला घाई नव्हती आणि राष्ट्रीय जाळ्यासाठी निधीही मिळेना. एनपीएलच्या आवारात तारा टाकण्यास मात्र कोणाची आडकाठी नव्हती. तेव्हा डेव्हिस यांनी आवारापुरते जाळे विणले. ‘लोकल एरिया नेटवर्क’ अर्थात ‘लॅन’ ही संज्ञा तेव्हा रूढ झालेली नव्हती.

या दोन प्रकारांतील भेद पाठ्यपुस्तके किलोमीटरमध्ये सांगतात. टेडिंग्टनचा अनुभव अधिक बोलका आहे. कुंपणाच्या आत तार आपली असते, वेग आपण ठरवतो आणि परवाना लागत नाही. रस्ता ओलांडला की तार दुसऱ्याची होते. मग तिचे भाडे, तिचा वेग आणि तिच्या मालकाची मर्जी, सारेच सांभाळावे लागते. एनपीएलच्या आतील जोडण्या सेकंदाला ७६८ किलोबिट वेगाने चालत. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘अर्पानेट’मधील शहराशहरांना जोडणाऱ्या भाड्याच्या तारांचा वेग होता ५० किलोबिट.

तो ५० किलोबिटचा वेगही काही अंशी एनपीएलमुळेच आला होता. ऑक्टोबर १९६७ मध्ये अमेरिकेतील गॅटलिनबर्ग येथील परिषदेत डेव्हिस यांचे सहकारी रॉजर स्कँटलबरी यांनी त्यांचा निबंध वाचला. तेथेच लॅरी रॉबर्ट्स यांनी अर्पानेटचा कच्चा आराखडा मांडला. त्यात तारांचा वेग अवघा २.४ किलोबिट धरला होता. ब्रिटिशांशी बोलल्यानंतर रॉबर्ट्स यांनी तो वाढविला आणि बॅरन यांचे लेखनही त्यांना याच निमित्ताने समजले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेटवरून पहिला संदेश गेला. त्यामागे सरकारी खजिना होता. डेव्हिस यांच्यामागे तो नव्हता.

एनपीएलचे जाळे १९७० च्या आरंभी कामाला लागले. एकच हनीवेल संगणक त्यातील सारी पॅकेट वाटून देत असे. म्हणजे वितरित जाळ्याच्या या पुरस्कर्त्याला प्रत्यक्षात केंद्रित जाळ्यावर समाधान मानावे लागले. १९७६ पर्यंत त्याला १२ संगणक आणि ७५ टर्मिनल जोडली गेली होती. ते १९८६ पर्यंत चालले.

तोवर डेव्हिस स्वतः दुसऱ्या प्रश्नाकडे वळले होते. अनेकांची पॅकेट एकाच तारेवरून जाणार असतील, तर ती कोणी वाचू नयेत यासाठी काय करायचे? संगणकीय जाळ्यांच्या सुरक्षिततेवर प्राइस यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ते निवृत्त झाले. १९८७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पॅकेटच्या कल्पनेचे श्रेय अमेरिकेत लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या आधीच्या संशोधनाला दिले जाऊ लागले, तेव्हा मितभाषी डेव्हिस यांनी जुने कागद तपासून एक निबंध लिहिला. बॅरन यांचा अग्रक्रम त्यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केला, क्लाइनरॉक यांचा दावा मात्र अमान्य केला. २८ मे २००० रोजी त्यांचे निधन झाले. तो निबंध २००१ मध्ये ‘द कॉम्प्युटर जर्नल’ने प्रसिद्ध केला.