अब्दुल करीम खाँ

उस्ताद अब्दुल करीम खाँ (११ नोव्हेंबर १८७२ – २७ ऑक्टोबर १९३७) हे किराणा घराण्याचे अग्रगण्य गायक होत. त्यांचा जन्म उत्तर भारतातील कैराना येथे झाला. तथापि त्यांचे नाव मिरजेशी कायमचे जोडले गेले. बडोद्याच्या दरबारात गायक असताना ताराबाई माने यांच्याशी विवाह करून त्यांनी ते संस्थान सोडले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य, तर सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर ही त्यांची अपत्ये.

तंबोरा

खाँसाहेबांच्या गायनाचा आधार म्हणजे काटेकोर जुळवलेला तंबोरा. वाद्ये दुरुस्त करण्यातही ते निष्णात होते. तंबोरे घडविणारे कारागीर मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून आहेत. भोपळे पंढरपूर परिसरातून येतात. तार छेडली की तिचे कंपन घोडीवरून तबलीत उतरते आणि भोपळ्यातील हवा घुमू लागते. ध्वनिवर्धकाच्या पेटीत मागे फिरणारा आवाज शोषून घेण्यासाठी लोकर, कापूस किंवा काचतंतू भरतात, कारण पेटीने स्वतःचा सूर मिसळू नये. तंबोऱ्याचा भोपळा मात्र रिकामाच हवा. त्याचे घुमणे हेच त्याचे काम. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने जवारी लागते आणि एका तारेतून अनेक उपस्वर उमलतात. सूक्ष्म स्वरांचा कस लागतो तो याच उपस्वरांवर.

श्रुतिसंशोधन

सांगलीचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडताना खाँसाहेबांचा गळा प्रमाण मानला. गायलेला स्वर तारेच्या लांबीवरून मोजला जाई. देवलांचा इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये निघाला. साताऱ्याचे न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी हे काम पुढे नेले व श्रुतींची हार्मोनियम बनवून घेतली. १९१६ च्या बडोदा संगीत परिषदेत मात्र तिला मान्यता मिळाली नाही. ठरावीक पट्ट्यांत बांधलेला स्वर आणि रागागणिक, किंचित का होईना, हलणारा गळ्यातला स्वर यांचा मेळ बसणे अवघडच होते.

अखेर

कर्नाटक संगीताचाही त्यांनी अभ्यास केला होता. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना प्रकृती बिघडल्याने ते सिंगपेरुमाळ कोइल स्थानकावर उतरले. तेथे तंबोरा जुळवून ईशस्तवन गात असताना त्यांनी देह ठेवला, असे सांगितले जाते. मिरजेतील ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. तेथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा होते.