सत्तरीतला सेनानी

नौदलात असताना आमचे जहाज एकदा माल्टाच्या ग्रँड हार्बर बंदरात तीन दिवस थांबले होते. पहाटे आत शिरताना उजव्या हाताला सेंट एल्मोचा किल्ला दिसला. त्याच्यामागे टेकडीवर चढत गेलेले व्हॅलेटा शहर होते आणि थोडे आत गेल्यावर डाव्या हाताला सेंट अँजेलो. सगळे एकाच पिवळसर चुनखडीच्या दगडात बांधलेले. तेव्हा मला या शहराचे नाव एका माणसावरून पडले आहे एवढेच ठाऊक होते. सुट्टीच्या दिवशी सेंट अँजेलोच्या तटावर उभा राहिलो, समोर पाण्यापलीकडे जेमतेम किलोमीटरभरावर सेंट एल्मो दिसत होता, आणि तिथून मी या माणसाच्या मागे लागलो. गेली काही वर्षे वर्गात वाळूच्या नकाशावर हाच वेढा शिकवतो. दरवर्षी एखादा छात्र तोच प्रश्न विचारतो. तो प्रश्न पुढे येईलच.

जाँ पारिझो द ला व्हॅलेत याचा जन्म १४९४ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधल्या एका सरदार घराण्यात झाला. विशीत तो सेंट जॉनच्या नाइटांच्या संघात दाखल झाला. मुळात यात्रेकरू आणि आजारी यांची सेवा करणारा हा संघ तोवर भूमध्य समुद्रातले एक लढाऊ आरमार बनला होता. १५२२ मध्ये सुलतान सुलेमानने ऱ्होड्स बेटाला वेढा घातला, तेव्हा तरुण ला व्हॅलेत तिथे होता असे मानले जाते. सहा महिन्यांनी नाइटांनी किल्ला सोडला आणि सुलतानाने त्यांना शस्त्रांसह जाऊ दिले. सुलेमान आणि ला व्हॅलेत जवळपास एकाच वयाचे होते, हे लक्षात ठेवा.

पुढची काही वर्षे संघाला घर नव्हते. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने माल्टा दिले. मोबदला काय, तर वर्षाला एक ससाणा. बेट उघडे, खडकाळ, पाण्याची टंचाई असलेले. माल्टाची सगळी बेटे मिळून ३१६ चौरस किलोमीटर भरतात, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्मी.

ला व्हॅलेत हा काही आदर्श छात्र नव्हता, हेही सांगितले पाहिजे. १५३८ मध्ये एका माणसाला मरेपर्यंत मारहाण करायचेच त्याने बाकी ठेवले होते. त्याबद्दल त्याला गोझो बेटावर जमिनीत खणलेल्या खड्ड्यात चार महिने कोंडले आणि नंतर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या त्रिपोलीला पाठवले. १५४१ मध्ये त्याचे गलबत शत्रूच्या हाती पडले आणि सुमारे वर्षभर तो साखळदंडात बसून वल्ही मारत राहिला. कैद्यांच्या अदलाबदलीत सुटला. त्याच्या स्वतःच्या संघाची गलबतेही गुलामच वल्हवत असत. वल्ह्याला बांधलेल्या माणसाचे हाल स्वतः भोगूनही सुटल्यावर त्याने त्यात काही बदल केला नाही. मी हे वगळून शिकवत नाही.

त्यानंतर तो त्रिपोलीचा अधिकारी झाला, मग संघाच्या आरमाराचा प्रमुख, आणि १५५७ मध्ये ग्रँड मास्टर, म्हणजे संघाचा सर्वोच्च प्रमुख. मधल्या काळात, १५५१ मध्ये, तुर्की आरमाराने गोझोवरची हजारो माणसे गुलाम म्हणून नेली आणि त्रिपोली जिंकली. या धक्क्यानंतर नाइटांनी घाईघाईने सेंट एल्मो आणि सेंट मायकल हे दोन किल्ले उभे केले. सेंट एल्मो चांदणीच्या आकाराचा, लहान, आणि मागच्या सिबेरास टेकडीपेक्षा सखल. वाळूच्या नकाशावर ओंजळभर वाळूची टेकडी केली की हा दोष छात्रांना लगेच दिसतो.

१८ मे १५६५ रोजी सुलेमानाचे आरमार क्षितिजावर आले. सैन्य तीस हजारांच्या आसपास. काही हिशेबांत त्याहून अधिक. बेटावर लढणारे सुमारे सहा हजार. त्यांत नाइट पाच-सहाशेच, आणि निम्म्याच्या आसपास माल्टाचे साधे रहिवासी. जमिनीवरचा सेनापती मुस्तफा पाशा, आरमाराचा पियाली पाशा. पियालीला आपली जहाजे वाऱ्यापासून सुरक्षित अशा मार्सामशेट बंदरात हवी होती, आणि त्या बंदराच्या तोंडाशी सेंट एल्मो होता. म्हणून आधी तो घ्यायचा ठरला. चार-पाच दिवसांचे काम, असा त्यांचा अंदाज होता.

ला व्हॅलेतने इथे जे केले ते मला आजही अस्वस्थ करते. रोज रात्री सेंट अँजेलोकडून होड्या निघत. त्या ताजी माणसे व दारूगोळा पोचवत आणि जखमींना परत आणत. किल्ला वाचणार नाही, हे त्याला ठाऊक होते. सिसिलीहून कुमक येईपर्यंत एकेक दिवस विकत घ्यायचा होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात किल्ल्यातल्या पन्नासेक नाइटांनी सह्या करून पत्र पाठवले. तट कोसळत आहे, तेव्हा निदान बाहेर पडून लढत मरू द्या, अशी त्यांची विनंती होती. ला व्हॅलेतने पाहणीसाठी तिघांना पाठवले. नंतर उत्तर धाडले की तुम्ही खुशाल परत या, तुमची जागा घ्यायला दुसरे तयार आहेत. शरमेने कोणीही परतले नाही.

छात्रांचा प्रश्न इथेच येतो: त्यांना परत का बोलावले नाही? एक वर्ष एका मुलाने पावनखिंडीशी तुलना केली. दुसरा लगेच म्हणाला की बाजीप्रभूंना किती वेळ थांबायचे ते माहीत होते, तोफेचा आवाज ठरलेला होता. सेंट एल्मोतल्यांना कोणतीच तोफ ऐकू येणार नव्हती. हा फरक मला तोवर सुचला नव्हता.

तुर्कांनी किनाऱ्यावर नव्या तोफा लावून होड्यांचा मार्ग तोडला. शेवटच्या रात्री निघालेली कुमक पोचू शकली नाही. जखमी झालेल्या दोन अधिकाऱ्यांना तलवारी देऊन खिंडारापाशी खुर्च्यांवर बसवले होते, असे सांगतात. २३ जूनला किल्ला पडला. आत सुमारे पंधराशे माणसे गेली. तुर्कांची त्याच्या अनेक पट. त्यांचा अनुभवी सेनानी द्रगुत तोफेच्या माऱ्यात जखमी झाला होता, तो त्याच सुमारास मेला. चार-पाच दिवसांच्या कामाला जवळजवळ महिना लागला होता.

मुस्तफाने मेलेल्या नाइटांची शिरे तोडून धडे लाकडी क्रूसांवर बांधली आणि पाण्यात सोडली. ती वाहत सेंट अँजेलोखाली आली. ला व्हॅलेतने आपल्याकडचे सगळे तुर्क कैदी मारले आणि त्यांची शिरे तोफेतून शत्रूच्या छावणीवर डागली. सूड, धाक, की शरणागतीचा मार्गच बंद करण्याचा हिशेब? लढाईच्या पुस्तकांतून हा भाग एका ओळीत उरकतात. कैद्याचा जीव घेणे हा गुन्हाच, तो कोणीही आणि कशासाठीही करो, हे मी वर्गात सांगतो आणि थोडा वेळ थांबतो.

पुढच्या दोन महिन्यांचे वर्णन लांबवत नाही. होड्या टेकडीवरून ओढून आणून केलेला हल्ला पाण्यालगत दडवलेल्या तोफांनी मोडला. ७ ऑगस्टला तट जवळजवळ पडला होता. पण मदिना या जुन्या राजधानीतले घोडेस्वार तुर्कांच्या छावणीवर तुटून पडले आणि मागून कुमक आली या समजुतीने हल्ला थांबला. १८ ऑगस्टला सुरुंगाने तट फुटला, तेव्हा सत्तरी गाठलेला ला व्हॅलेत भाला घेऊन स्वतः खिंडाराकडे धावला. पायाला जखम होऊनही तो मागे हटेना. मंडळाने सेंट अँजेलोत माघार घ्यायची सूचना केली, तीही त्याने फेटाळली; उरलेल्या गावकऱ्यांना तिथे जागा नव्हती. ७ सप्टेंबरला सिसिलीहून सुमारे आठ हजारांची कुमक उतरली आणि वेढा उठला.

आता बेट सोडून जावे असे अनेकांचे मत होते. ला व्हॅलेतने उलट केले. ज्या सिबेरास टेकडीवरून त्याच्यावर तोफा डागल्या गेल्या, तिथेच शहर वसवायचे ठरवले. पोपने फ्रान्चेस्को लापारेल्ली हा अभियंता पाठवला आणि २८ मार्च १५६६ रोजी पायाचा दगड बसला. सरळ रेघेतले रस्ते, समुद्राचा वारा आत यावा अशी मांडणी, प्रत्येक घराखाली पाण्याची टाकी. वेढ्यात तहान काय असते, हे बांधणाऱ्याला माहीत होते. मजुरी द्यायला चांदी कमी पडली, म्हणून तांब्याची नाणी पाडली. ती पुढे चांदीत बदलून मिळणार होती, आणि त्यांवर एकमेकांत गुंतलेले दोन हात होते.

सुलेमान १५६६ मध्ये मेला. ला व्हॅलेत १५६८ च्या उन्हाळ्यात ससाणा घेऊन शिकारीला गेला असता उन्हात कोसळला आणि २१ ऑगस्टला वारला. शहर तेव्हा अर्धवट होते. संघाने तिथे मुक्काम हलवला तो १५७१ मध्ये. सेंट जॉनचे मोठे चर्च १५७८ मध्ये पुरे झाले आणि नंतर त्याचे अवशेष तिथल्या तळघरात आणले. शेजारी त्याचा इंग्रज चिटणीस ऑलिव्हर स्टार्की याची कबर आहे. मी गेलो त्या दिवशी तळघर बंद होते. स्पेनच्या राजाने त्याला भेट दिलेली तलवार तरी पाहावी म्हणून चौकशी केली, तर ती १७९८ मध्ये नेपोलियनने नेली आणि आता पॅरिसमध्ये आहे असे कळले. मग परत बंदरावर आलो. संध्याकाळच्या उन्हात समोरचा सेंट अँजेलो किल्ला मधाच्या रंगाचा झाला होता, आणि आमची बोट यायला अजून अर्धा तास होता.