फिरायला वेळ नाही म्हणणारे गोखले ४८ व्या वर्षी गेले. आज असते तर त्यांचं हृदय वाचलं असतं का?

फेब्रुवारी १९१५. दक्षिण आफ्रिकेतून नुकतेच भारतात परतलेले गांधीजी पुण्यात आले होते. भारत सेवक समाजाच्या, म्हणजेच सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या आवारात त्यांच्यासाठी छोटासा कार्यक्रम ठरला. शेंगदाणे, खजूर, फळं असा साधा बेत. यजमान होते गोपाळ कृष्ण गोखले. तब्येत बरी नसतानाही ते पाहुण्यांना भेटायला खोलीतून उठून आले आणि तिथेच बेशुद्ध पडले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी निरोप पाठवला, की कार्यक्रम थांबवू नका.

त्यानंतर गांधीजी शांतिनिकेतनला गेले आणि काही दिवसांतच तिथे बातमी पोहोचली. १९ फेब्रुवारीला गोखले गेले होते. वय होतं अवघं ४८.

शाळेच्या पुस्तकात गोखले भेटतात ते नेमस्त नेते आणि गांधीजींचे राजकीय गुरू म्हणून. पण त्यांना इतक्या लवकर कशाने नेलं, हे फारसं सांगितलं जात नाही. त्यांना मधुमेह होता आणि शेवटी हृदय थकलं होतं.

आठ रुपयांवर शिकलेला मुलगा

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. वय १३ असताना वडील गेले. थोरले बंधू गोविंदराव १५ रुपये पगाराच्या नोकरीला लागले आणि त्यातले ८ रुपये दर महिन्याला गोपाळला पाठवू लागले. भावाच्या कष्टाची जाणीव ठेवून गोपाळने १८८४ मध्ये बीए पूर्ण केलं, मग पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिकवलं.

१८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला ते इंग्लंडला निघाले. वाटेत फ्रान्समधल्या कॅले इथे ते पडले आणि छातीला जोरात मार लागला. त्यांनी तो अंगावरच काढला. लंडनला पोहोचल्यावर मात्र अंथरूण धरावं लागलं. दुखणं लपवायचं आणि काम पुढे रेटायचं, ही सवय त्यांना शेवटपर्यंत राहिली.

गांधीजींची तक्रार

१९०१ च्या काँग्रेस अधिवेशनानंतर गांधीजी कलकत्त्यात महिनाभर गोखल्यांकडे राहिले. गोखल्यांचा दिवस त्यांनी जवळून पाहिला. सकाळपासून रात्रीपर्यंत कागदपत्रं, भेटीगाठी, भाषणांची तयारी. गांधीजींनी त्यांना स्पष्टच विचारलं, की साधं फिरायलाही जात नाही, मग सतत आजारी पडता यात नवल काय? गोखल्यांनी उलट विचारलं, की फिरायला वेळ आहे कुठे?

तेव्हा गोखले पस्तिशीत होते. पुढच्या दहा वर्षांत तर कामाचा डोंगरच झाला. केंद्रीय कायदे मंडळातली अर्थसंकल्पावरची भाषणं, १९०५ मध्ये भारत सेवक समाजाची स्थापना, त्याच वर्षी बनारस काँग्रेसचं अध्यक्षपद. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. ते १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं.

त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेला गेले. टॉल्स्टॉय फार्मला जाताना गांधीजींनी त्यांना स्टेशनपासून सुमारे दीड मैल चालवत नेलं. नेमका पाऊस आला, गोखले भिजले आणि त्यांना थंडी बाधली. गांधीजींना याची रुखरुख लागून राहिली.

शरीरात काय चाललं होतं?

मधुमेहात रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली, की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते. तिथे चरबी साचते, वाहिनी अरुंद होते आणि हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं. म्हणूनच मधुमेह असलेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा दोन ते चार पट असतो. त्यात काही मधुमेहींना हार्ट अटॅक येऊनही छातीत दुखत नाही. नुसता थकवा, घाम किंवा धाप लागते.

गोखल्यांच्या शेवटच्या दुखण्याला कार्डिअ‍ॅक अस्थमा म्हटलं जातं. नाव दम्याचं, पण मूळ हृदयात. हृदयाची डावी बाजू कमजोर झाली, की रक्त मागे तुंबतं आणि फुफ्फुसात पाणी साचू लागतं. आडवं झालं की त्रास वाढतो. माणूस रात्री गुदमरून उठतो आणि बसून राहतो.

तेव्हा औषध काय होतं?

खरं सांगायचं तर फारसं काही नव्हतं. १९१४ मध्ये गोखले उपचारासाठी फ्रान्समधल्या विशी इथे गेले. तिथल्या झऱ्यांचं खनिजयुक्त पाणी मधुमेहावर चांगलं, असं तेव्हा मानत. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं आणि ते फ्रान्समध्ये अडकले. पथ्य, विश्रांती आणि हृदयासाठी डिजिटॅलिस हे वनस्पतीपासून बनणारं औषध, एवढंच तेव्हाच्या डॉक्टरांच्या हातात होतं.

इन्शुलिनचा शोध लागला १९२१ मध्ये, म्हणजे मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला त्या वर्षी. गोखल्यांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन तर १९८७ मध्ये बाजारात आली.

आज काय करता येतं?

जवळपास सगळंच बदललंय. हृदयविकार म्हटलं की लोकांना थेट बायपास आठवतो, पण अनेक रुग्णांचा आजार ऑपरेशनशिवाय आटोक्यात राहतो. बीपीच्या गोळ्या, स्टॅटिन, गरज असेल तर रक्त पातळ ठेवणारी औषधं, साचलेलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या गोळ्या. मधुमेहाची काही नवी औषधं तर थकलेल्या हृदयालाही आधार देतात. काहींना अँजिओप्लास्टी लागते. त्यात मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून अडथळा उघडतात, छाती उघडावी लागत नाही. बायपास कोणाला लागेल आणि कोणाला नाही, हे डॉक्टर तपासून ठरवतात. गोळ्या मात्र मनाने सुरू किंवा बंद करायच्या नाहीत.

५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने २००४ मध्ये दाखवून दिलं, की पहिल्या हार्ट अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडलेला आहे. त्यात तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, ताण, व्यायाम न करणं आणि भाज्या-फळं कमी खाणं या गोष्टी येतात. याच अभ्यासातून हेही दिसलं, की भारत आणि शेजारच्या देशांत पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो.

मग गोखले वाचले असते का?

खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. पण आजची औषधं त्यांना मिळाली असती, तर आणखी काही वर्षं मिळण्याची शक्यता नक्कीच मोठी होती. त्यांच्या अंत्ययात्रेसाठी टिळक सिंहगडावरून खाली आले. आयुष्यभर ज्यांच्याशी वाद घातला, त्यांच्याबद्दल ते आदराने बोलले. गांधीजींनी तर नुकतंच भारतात पाऊल ठेवलं होतं आणि त्यांचा मार्गदर्शक गेला होता.

आज मुळशी तालुक्यातल्याच हिंजवडीत हजारो तरुण दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत बसून असतात. फिरायला वेळ कुठे आहे, हा गोखल्यांचा प्रश्न तिथे रोज विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणं. तिशीनंतर बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, घरात कोणाला हृदयविकार असेल तर नक्कीच. आणि छातीत दाब, डाव्या हातात कळ, अचानक घाम किंवा धाप लागली, तर अ‍ॅसिडिटी समजून झोपू नका. १०८ ला फोन करा.

गोखल्यांकडे यातलं काहीच नव्हतं. आपल्याकडे आहे.