गुलामाने आणलेलं पाणी

नळाला पाणी यायचा वार असला की आमच्या घरात कुणाला दुसरं काही सुचत नाही. ड्रम, बादल्या, हंडे, कळश्या, अगदी चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायचं. आठ दिवस पुरवायचं असतं ना! तुमच्याकडेही फार वेगळं नसेल म्हणा. परवा अशीच पाण्याची वाट बघत दारात बसले होते. धाकटीने विचारलं, की हे पाणी नळात येतं तरी कुठून? मी धरणाचं नाव सांगितलं, पण त्यापुढे काही सांगता येईना. आणि मला एकदम मलिक अंबर आठवला.

शाळेत असताना आमची सहल औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, गेली होती. पाणचक्कीजवळचा तो भरलेला हौद बघून आम्ही मुली हरखून गेलो. बाईंनी सांगितलं, की हे पाणी लांबच्या डोंगरातून जमिनीखालून येतं. ना मोटर, ना पंप! मला तेव्हा वाटलं, हे सगळं मलिक अंबरनेच केलं. पुढे वाचलं तेव्हा कळलं, की पाणचक्कीची नहर नंतरची, अठराव्या शतकातली. पण या गावाला नहरीचं पाणी पहिल्यांदा दाखवलं, ते मात्र अंबरनेच.

आणि हा अंबर कोण? तर आफ्रिकेतल्या इथिओपियातला एक पोर. जन्म 1548 च्या सुमाराचा. लहानपणीच आईबापापासून तुटला आणि गुलामांच्या बाजारात विकला गेला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बगदादच्या एका व्यापाऱ्याने त्याची हुशारी ओळखून त्याला शिकवलं, अंबर हे नावही दिलं. तिथून तो पोचला दख्खनमध्ये, अहमदनगरच्या निजामशाहीत. तिथल्या चंगेजखान नावाच्या पेशव्याने त्याला विकत घेतलं. गंमत म्हणजे हा पेशवाही मुळात हबशी गुलामच होता! राज्यकारभार कसा चालतो हे अंबर त्याच्या हाताखाली शिकला. पेशवा वारल्यावर त्याच्या विधवा पत्नीने अंबरला गुलामीतून मोकळं केलं, असं सांगतात. त्या बाईंचं नाव काही आपल्यापर्यंत आलं नाही. पण पुढचं सगळं घडलं ते त्यानंतर, हे विसरून चालणार नाही.

पुढची वीसेक वर्षं अंबर शिपाईगिरी करत राहिला, हळूहळू माणसं जोडत गेला. 1600 साली चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती पडला. आता निजामशाही संपलीच, असं सगळ्यांनी धरलं. पण अंबरने घराण्यातला एक वारस शोधून गादीवर बसवला, आपली मुलगी त्याला दिली आणि राज्य पुन्हा उभं केलं. मराठा सरदारांना बरोबर घेऊन गनिमी काव्याने त्याने मुघलांना जेरीस आणलं. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे आणि वडील शहाजीराजे, दोघेही याच निजामशाहीच्या चाकरीत होते. बादशहा जहांगीरचा तर अंबरवर इतका राग, की त्याच्या छाटलेल्या मस्तकावर आपण बाण मारतोय असं चित्र त्याने काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मस्तक त्याला कधीच मिळालं नाही, ही गोष्ट वेगळी!

1610 मध्ये अंबरने खाम नदीकाठच्या खडकी या लहानशा गावात राजधानी वसवायला घेतली. नावच खडकी. यावरून जमीन कशी असेल ते तुम्हीच ओळखा. गाव उभं राहतंय न राहतंय तोच 1616 साली मुघल फौजेने ते लुटलं, उद्ध्वस्त केलं. दुसरा कुणी असता तर आधी तट आणि वाडा बांधत बसला असता. अंबरने त्यानंतर एक-दोन वर्षांत नहर खोदून घेतली.

ही नहर म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ या. पावसाचं पाणी डोंगरात मुरतं आणि पायथ्याशी जमिनीखाली साठतं. गावाच्या उत्तरेला असं पाणी कुठे आहे ते शोधून तिथे विहिरी खणल्या. विहिरी एकमेकींना भुयाराने जोडल्या आणि ते भुयार गावापर्यंत आणलं. त्याला उतार इतका बेताचा दिला, की पाणी आपल्या पायाने चालत यावं. जागोजागी हवा खेळायला आणि खाली उतरून गाळ काढायला तोंडं ठेवली. गावात ते पाणी खापराच्या नळांतून हौदांत सोडलं. जमिनीखालून येत असल्यामुळे ते उन्हाने आटायचं नाही. हे काही जमणार नाही म्हणून त्या वेळी हसणारेही होते म्हणे. कुठल्या चांगल्या कामाला असे लोक भेटत नाहीत?

माझ्या मनात मात्र वेगळंच येतं. आमची आजी उन्हाळ्यात पहाटे तीनला उठून विहिरीवर नंबर लावायची. खडकीतल्या बायकांना घराजवळच्या हौदावर हंडा बुडवता आला, त्या पहिल्या दिवशी त्यांना कसं वाटलं असेल? इतिहासात लढायांच्या तारखा असतात, असल्या दिवसांच्या नसतात.

1621 मध्ये खडकी पुन्हा जाळली, पाडली गेली. पण जमिनीखालची नहर टिकली. 14 मे 1626 रोजी अंबर वारला, खुलदाबादला त्याची कबर आहे. पुढे निजामशाही बुडाली, गावाचं नाव फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. नावं बदलली, राज्यं बदलली, तरी अंबरची नहर तीनशेच्या वर वर्षं लोकांना पाणी पाजत राहिली. त्याच पद्धतीने नंतर आणखी नहरी झाल्या. मग पैठणच्या नाथसागरातून पंपाने पाणी वर चढवलं जाऊ लागलं आणि नहरींकडे दुर्लक्ष झालं. वर घरं झाली, तोंडं बुजली, नळ फुटले.

ज्याला स्वतःचं गाव उरलं नव्हतं, त्याने परक्या मुलखातल्या लोकांसाठी आधी पाणी शोधलं. ते कुठे मुरतं, कुठून वाहतं, हे त्याला ठाऊक होतं. आपण मात्र नळाची तोटी सोडून मागे बघतच नाही. आमच्या गावातही एक जुनी बारव आहे, कचऱ्याने भरलेली. येत्या रविवारी धाकटीला घेऊन आधी ती बघायला जाणार आहे. तुमच्या गावात पाणी कुठून येतं, मैत्रिणींनो? आधी कुठून येत होतं? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारून तर बघा.