मरणाच्या दारातून परतलेले विनोबा

घरात कुणी गंभीर आजारी पडलं की आपली पहिली धाव दवाखान्याकडे असते आणि त्याचबरोबर हात दुआसाठी उठतात. माणूस बरा झाला की आपण अल्हम्दुलिल्लाह म्हणतो आणि चार दिवसांत पुन्हा जुन्या धावपळीला लागतो. परत मिळालेल्या आयुष्याचं काय करायचं, हा प्रश्न तसाच राहतो. आपल्याच वर्धा जिल्ह्यातल्या आचार्य विनोबा भावे यांनी या प्रश्नाचं उत्तर जगून दाखवलं.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातल्या गागोदे गावचा. १९१६ साली ते गांधीजींच्या आश्रमात आले आणि १९२१ मध्ये त्यांच्याच सांगण्यावरून वर्ध्याचा आश्रम सांभाळायला आले. कष्ट अफाट आणि खाणं जेमतेम. १९३८ पर्यंत शरीर पार खंगलं. वजन ८८ पौंड, म्हणजे अवघं ४० किलो उरलं. गांधीजी काळजीत पडले. त्यांनी डॉक्टरांना दाखवायला आणि थंड हवेच्या ठिकाणी जायला सांगितलं. विनोबांना मात्र मरणाची भीती नव्हती; देवाची भेट जवळ आली म्हणून ते आनंदातच होते. गांधीजींच्या शब्दाखातर त्यांनी विश्रांती कबूल केली, पण डोंगरावर जाण्याऐवजी वर्ध्याहून आठ किलोमीटरवरचं पवनार निवडलं. तिथे धाम नदीकाठी जमनालाल बजाज यांचा बंगला होता.

मोटार धाम नदीच्या पुलावर आली तेव्हा विनोबांनी मनातल्या मनात सगळ्या चिंतांचा त्याग केला. आश्रम, कामं, माणसं, सगळं ओझं त्यांनी देवाच्या हवाली केलं. आपण ज्याला तवक्कुल म्हणतो, त्याच्या जवळची ही गोष्ट. पण तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. विनोबांनी पवनारला शेतात कुदळ धरली. सुरुवात दिवसाला अगदी थोड्या मिनिटांची. मग हळूहळू वेळ वाढवला. काम करताना डोक्यात दुसरा विचार नाही, बाकी वेळ आराम. सुमारे दहा महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेलं.

या परत मिळालेल्या वर्षांत त्यांनी काय केलं, ते आपल्या घरातल्या मुलांना सांगण्यासारखं आहे. त्यांनी अरबी शिकून कुरआन मूळ भाषेत वाचलं. उच्चार चुकू नयेत म्हणून रेडिओवरची तिलावत कान देऊन ऐकली. फाळणीनंतर मेवातच्या उजाड झालेल्या मुसलमानांना पुन्हा वसवण्यासाठी ते तिथे राबले. पुढे त्यांनी कुरआनमधल्या निवडक आयतींचं विषयवार संकलनही केलं.

एप्रिल १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदान सुरू झालं. भूमिहीनांसाठी जमीन मागत विनोबा पायी देश फिरू लागले. डिसेंबर १९५२ मध्ये तेव्हाच्या बिहारमधल्या चांडील इथे त्यांना जीवघेणा मलेरिया झाला. ताप उतरेना आणि ते औषध घेईनात. त्या तापात एकदा त्यांनी स्वतःला उठवून बसवायला सांगितलं. सुमारे अर्धा तास ते ध्यानात बुडाले. आपण देवाच्या दारात उभे आहोत अशी शांती त्यांना लाभली, असं त्यांनी नंतर सांगितलं. अखेर मोठमोठ्या नेत्यांच्या आग्रहापुढे त्यांनी औषध घेतलं, बरे झाले आणि पुन्हा चालू लागले. १९६४ मध्ये पवनारला परतेपर्यंत त्यांची पदयात्रा १३ वर्षांची झाली होती. देशभरातून भूदानात ४० लाख एकरांहून जास्त जमीन जाहीर झाली. ती सगळी गरिबांच्या हाती पडली नाही हेही खरं. पण मागणाऱ्याने स्वतःसाठी वावभर ठेवली नाही.

विनोबांच्या सगळ्याच भूमिका आपल्याला पटतील असं नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडलं आणि १५ नोव्हेंबरला पवनारलाच देह ठेवला. आपला दीन इथे वेगळं सांगतो. जीव ही अल्लाहची अमानत आहे, मृत्यूची इच्छा करू नये, आजारावर इलाज करावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. म्हणून विनोबांचा शेवट आपण अनुकरणासाठी घेत नाही. घ्यायचं ते पवनार आणि चांडीलनंतरचं आयुष्य.

आज आपल्या मोहल्ल्यात कितीतरी जण ऑपरेशनमधून, अपघातातून, कोरोनातून वाचून आलेले आहेत. काहींच्या मनात अजून भीती बसली आहे. त्यांना मोठ्या उपदेशापेक्षा रोजचं छोटं काम जास्त आधार देतं: थोडी बागेची माती, कुरआनचं एक पान, शेजारच्या आजाऱ्याची अयादत. शुक्र जिभेवर असावाच, पण तो हातापायांतही उतरावा.

अल्लाह आपल्या सर्व आजारी बंधू-भगिनींना शिफा देवो आणि मिळालेल्या प्रत्येक दिवसाची कदर करण्याची तौफिक देवो. आमीन.