ब्रँडीत भिजवलेले साखरेचे खडे

२०२१ साली नाओमी ओसाका मनावरचा ताण सोसवेना म्हणून फ्रेंच ओपन अर्ध्यावर सोडून गेली, तेव्हा ‘हल्लीच्या मुली फारच नाजूक बाई!’ अशी कुजबुज बरीच झाली. मला मात्र आठवली ती सुझान लेंग्लेन. पॅरिसच्या त्याच रोलाँ गॅरोसवर एका कोर्टाला जिचं नाव आहे, ती.

सुझानचा जन्म १८९९चा. लहानपणापासून प्रकृती तोळामासा, त्यात दमा. मोकळ्या हवेत खेळली तर पोर जरा धडधाकट होईल, एवढ्याच आशेने वडिलांनी १९१०मध्ये तिच्या हाती रॅकेट दिली. पण तिची चुणूक दिसली मात्र, आणि औषध म्हणून सुरू झालेला खेळ घरादाराचा ध्यास होऊन बसला. कोर्टावर रुमाल पसरायचा आणि चेंडू नेमका त्यावर पाडायचा, तासन् तास! चुकलं की बोलणी ठरलेली. १९१४मध्ये, जेमतेम पंधरा वर्षांची असताना, तिने पॅरिसची जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धा जिंकली.

महायुद्ध संपलं आणि १९१९मध्ये ती विम्बल्डनला आली. सात वेळा जिंकलेल्या डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्सना तिने दोन मॅच पॉइंट वाचवून १०-८, ४-६, ९-७ असं हरवलं. घट्ट कॉर्सेटला फाटा देऊन पोटरीपर्यंतच्या झग्यात खेळणारी ही मुलगी बघायला लोक रांगा लावू लागले. सामना अटीतटीचा झाला की वडील बाहेरून ब्रँडी पुरवायचे, कधी ब्रँडीत भिजवलेले साखरेचे खडे. थकल्या जिवावर त्या काळचा हा इलाज. आज कुठल्या आईला पटेल?

१९२१मध्ये ती अमेरिकेला गेली, तीही तब्येत बरी नसताना. मोला मॅलरीविरुद्ध पहिला सेट गेला, खोकल्याची उबळ थांबेना, तिने सामना सोडला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. खोकला नाही, हरण्याची भीती, असं वर्तमानपत्रांनीही ठरवून टाकलं. १९१९ ते १९२६ या काळात एकेरीतली तिची हार ती एवढीच, हे कोण लक्षात घेतंय? १९२४ला काविळीने विम्बल्डन सोडावं लागलं. पुढच्याच वर्षी परत येऊन तिने एकेरीचं सहावं विजेतेपद मिळवलं.

आणि मग १९२६. एव्हाना वडील आजारी, तिचीही तब्येत ढासळलेली. त्यात विम्बल्डनला सामन्याच्या वेळेचा घोळ झाला. निरोप मिळालाच नव्हता, असं सुझानचं म्हणणं. इकडे राणी मेरी प्रेक्षागृहात ताटकळत बसलेल्या. अधिकाऱ्यांनी खडसावलं आणि सुझान पार कोलमडली, रडून रडून बेजार झाली. पुढच्या सामन्याला तिच्या वाट्याला आला तो प्रेक्षकांचा थंडपणा. तिने स्पर्धाच सोडली, ती पुन्हा विम्बल्डनला कधी खेळली नाही.

त्याच वर्षी पैसे घेऊन खेळायला ती अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली, तर त्यावरूनही टीका! ज्या संघटना तिच्या जिवावर तिकिटं खपवत होत्या, त्यांना हे बोलण्याचा काय अधिकार होता, असं मला तरी वाटतं.

पुढे तिने पॅरिसमध्ये टेनिसची शाळा चालवली, मुलांना शिकवलं. शरीर मात्र कधी सावरलं नाही. ४ जुलै १९३८ रोजी रक्तक्षयाच्या विकाराने ती गेली. वय अवघं ३९.