नाझी पॅरिसमध्ये पोहोचले, पण मोनालिसा जागेवर नव्हती. लूव्रचा खजिना वाचवणारे जाक जोजार कोण होते?

25 ऑगस्ट 1939. पॅरिसचं लूव्र संग्रहालय दुरुस्तीचं कारण देऊन बंद झालं. खरं कारण होतं, दारात आलेलं महायुद्ध. आत रात्रंदिवस चित्रं उतरवली जात होती.

हे काम हाताळत होते जाक जोजार, फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांचे उपसंचालक. त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धातून प्राडो संग्रहालयाची चित्रं स्वित्झर्लंडला नेण्यात त्यांचा वाटा होता.

मोनालिसाच्या पेटीवर तीन लाल ठिपके होते, म्हणजे सगळ्यात मौल्यवान. ती ट्रकने शांबोरच्या राजवाड्यात गेली. काही अवाढव्य चित्रं गुंडाळून नेली.

पण वस्तू लपवली की काम संपत नाही. लोक-द्यूच्या मठात दमट हवा होती. ओलीने चित्रं खराब होतील म्हणून ती माँटोबाँच्या संग्रहालयात हलवली. ठिकठिकाणी संग्रहालयाचे कर्मचारी चित्रांसोबतच राहत होते.

1940 मध्ये जर्मन पॅरिसमध्ये आले. कलासंग्रहांवर देखरेख ठेवणारे जर्मन अधिकारी मेटरनिख यांना चित्रं कुठे आहेत हे माहीत होतं. तरी ती आहेत तिथेच राहावीत, अशी त्यांची भूमिका होती. जोजार यांनी याचाच फायदा घेत वेळ काढला. पुढे दोस्तांच्या विमानांनी बॉम्ब टाकू नयेत म्हणून राजवाड्यांच्या हिरवळीवर मोठ्या अक्षरांत लूव्रचं नाव लिहिलं.

1945 मध्ये मोनालिसा सुखरूप परतली. जोजार 1967 मध्ये गेले. आज त्या चित्रासमोर सेल्फी घेणाऱ्या बहुतेकांना त्यांचं नावही ठाऊक नसतं.